लिंबाखालची हरळी

दिवाळी झाल्यावर आमच्या कॉलनीची मीटिंग होती. ओपन स्पेसमधल्या कडूलिंबाखालीच खुर्च्या टाकलेल्या, विषय पण नेहमीचेच, टँकर, गेटचा लाईट, मेंटेनन्सची थकबाकी अन् मग लॉन. पावसाळ्याच्या सुरुवातीला सगळ्यांनी हौसेनं वर्गणी काढून ते बसवलं होतं, उन्हाच्या बाजूला छान धरलं, दाट हिरवं झालं, अन् लिंबाखाली मात्र आधी विरळ झालं, मग पिवळं, मग नुसती माती. दोनदा नवे तुकडे आणून लावले तरी तेच. त्यावर एक जण चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "मग लिंबच काढून टाकू ना, परवानगी मिळती की आजकाल." आवाजात राग नाही काही नाही, पंखा बदलायचा म्हणावं इतक्या सहज. दोघा-तिघांनी माना हलवल्या, "बघू, चौकशी करू" असं ठरलं अन् पार्किंगचा विषय सुरू झाला.

माझ्या डोक्यातून ते वाक्य जाईना. मे महिन्यात आमच्या संभाजीनगरात पारा ४२ च्या पुढं सरकतो तेव्हा दुपारी त्या लिंबाखाली कोण कोण असतं हे मी गॅलरीतून रोज बघते. कुरिअरची पोरं गाडी स्टँडला लावून डबा खातात, भाजीवाल्या मावशी मेथीच्या जुड्यांवर ओलं फडकं टाकून तिथंच जरा आडव्या होतात, शेजारच्या बांधकामावरच्या बाईचं लेकरू फांदीला बांधलेल्या साडीच्या झोळीत झोपलेलं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जुनी पानं गळून तांबूस पालवी फुटते, मग त्या बारीक पांढऱ्या फुलांचा कडसर गोड वास गॅलरीपर्यंत येतो, मग जूनमध्ये लिंबोळ्यांचा चिकट सडा. हे सगळं जायचं, का तर खाली गवत येईना म्हणून. अन् खरं सांगायचं तर गवत पण मला हवंच आहे, संध्याकाळी पाणी मारल्यावर जो वास येतो अन् माझी लेक चपला काढून त्याच्यावर पळते ते बघून मला बरं वाटतं, म्हणून तर मी पण वर्गणी दिली होती. दोन्ही हवंसं वाटणं अन् त्यातलं एकच मिळणार असं कुणीतरी परस्पर ठरवून टाकणं, ते मला सलत होतं.

आमच्या माहेरी, पाटोद्याकडं, गवत कुणी लावत नसायचं. तिथं हरळी म्हणजे वैरीण. हलकी जमीन, बाजरी-मटकी-तुरीचं वावर, अन् बांधाच्या कडेनं अन् विहिरीच्या पाटाच्या दोन्ही अंगांनी हरळी आत घुसायची. उन्हाळ्यात नांगरट झाली की आई अन् काकू ढेकळं फोडून तिच्या काश्या, म्हणजे मातीतली आडवी खोडं, वेचायच्या, पांढऱ्या, टोकदार, कांड्याकांड्याच्या, हाताला ओल्या लागणाऱ्या. वेचलेल्या काश्या बांधावर ढीग करून उन्हात वाळवायच्या अन् मग पेटवायच्या, तो धूर डोळ्याला फार झोंबायचा. आई म्हणायची, "एक कांडं जरी राहिलं ना, तरी वर्षात सगळं वावर खाती ही." कुळवाच्या पासेत अडकायची, बैल थांबायचे, काका शिव्या द्यायचे. विहिरीजवळ चिंचेचं मोठं झाड आहे आमचं, त्याच्याखाली बाजरी येत नाही, तूर येत नाही, म्हणून तेवढा तुकडा तसाच पडलेला असायचा, दुपारी सगळे तिथं भाकरी खायला बसायचे. गणपतीत मात्र दूर्वा तोडायला आई आम्हाला पाटाच्या कडेला पाठवायची, तीच हरळी.

गेल्या वर्षी आई माझ्याकडं आली तेव्हा लॉनवर फिरायला घेऊन गेले. ती वाकली, एक काडी उपटली, कांडं बघितलं अन् म्हणाली, "अगं ही तर हरळीच हाय की. पैसे देऊन लावली व्हय?" बरोबर होतं तिचं. नर्सरीत 'सिलेक्शन वन' म्हणून जे गवत देतात ती बारीक पानाची निवडलेली हरळीच असते. मी शाळेत सायन्स शिकवते, पोरांना प्रकाशसंश्लेषण शिकवताना फळ्यावर ऊस अन् मका काढते, पण पायाखालची हरळी पण त्याच घरातली हे कधी मनात आलं नव्हतं. त्या मीटिंगनंतर मी वाचायला बसले. लिंबाखाली ही मरते म्हणजे नेमकं काय होतं, हे मला समजून घ्यायचं होतं.

तर आधी ऊन. १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच अन् स्लॅक ह्या दोघांनी उसाच्या पानावर काम करून दाखवलं की काही वनस्पती हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनच्या आम्लात बांधतात, मग पानातल्या शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन तिथं सोडतात, म्हणजे साखर बनवणाऱ्या एन्झाइमच्या आजूबाजूला तो दाटून राहतो. ह्यालाच सी-फोर म्हणतात. ऊस, मका, ज्वारी, बाजरी अन् हरळी, सगळी त्यातली. कडक ऊन, तापलेली हवा अन् पाण्याची ओढ असली तरी ही पिकं का टिकतात ते ह्यावरून कळतं, आमच्या मराठवाड्याचं अर्धं ताट ह्याच्यावर उभं आहे. पण हा कार्बन ओढून आत न्यायला जास्तीची ऊर्जा लागते अन् ती येते उजेडातूनच. भर उन्हात तो खर्च जाणवत नाही, उजेडच मोजका असला की जाणवतो. तरी सगळा दोष सी-फोरला देऊन चालत नाही, कारण फ्लोरिडा-टेक्सासकडं घराघरासमोर असतं ते रुंद पानाचं सेंट ऑगस्टिन गवत पण सी-फोर, झोयसिया पण सी-फोर, अन् ही दोन्ही हरळीपेक्षा सावली बरीच जास्त सोसतात. म्हणजे गोष्ट गवताच्या अंगकाठीत अन् स्वभावात पण आहे.

अन् इथून पुढचं वाचताना मी खरंच हरखून गेले. सावली म्हणजे फक्त कमी उजेड असं मी धरून चालले होते, तसं नाहीये. आपण हिरवी शेडनेट बांधतो, पन्नास टक्क्यांची, पंचाहत्तर टक्क्यांची, ती मुख्यतः उजेडाचं प्रमाण कमी करते. झाडाचं पान वेगळं वागतं. ते उजेडातला लाल भाग, ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा, स्वतःच खाऊन टाकतं अन् त्याच्या पलीकडचा, आपल्याला जवळजवळ न दिसणारा, ७३० च्या आसपासचा अतिलाल भाग खाली सोडून देतं. उघड्या उन्हात हे दोन्ही जवळपास सारखे असतात, लाल थोडा जास्तच, अन् दाट झाडाखाली लाल अगदी थोडा उरतो. वनस्पतीला हा फरक कळतो. १९५२ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला बोर्थविक अन् हेंड्रिक्स ह्यांच्या टीमनं लेट्यूसच्या बियांवर लाल अन् अतिलाल उजेड आलटून पालटून टाकून बघितला, लाल पडला की बी रुजायचं, नंतर अतिलाल पडला की थांबायचं, अन् शेवटचा उजेड जो असेल तेच बी ऐकायचं. त्यातून पुढं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य सापडलं. म्हणजे हरळीला नुसता अंधार नाही कळत, आपल्या डोक्यावर दुसरं कुणीतरी हिरवं उभं आहे एवढं तिला नेमकं कळतं.

अन् मग ती उठून उभी राहते.

हे मी लिंबाखाली जाऊन बघितलंय, उरलेल्या चार काड्यांजवळ बसून. उन्हातली हरळी जमिनीला चिकटून पसरते, कांडी आखूड, पानं छोटी, प्रत्येक पेऱ्याला मूळ धरत धरत आडवी जाते. लिंबाखालची लांब कांड्यांची, पातळ, फिकट, वर बघणारी. तिला वाटतं बाजूला स्पर्धा आहे, उंच झालं की ऊन मिळेल. मोकळ्या रानात, गुडघाभर गवतात हा हिशोब बरोबर पण असतो. पण लिंब तीस फूट वर आहे, ती कितीही ताणली तरी तिथं पोचणार नाही, अन् दर आठवड्याला मशीन फिरतं. आडवं पसरणाऱ्या गवताची पानं मशीनच्या पात्याखाली वाचतात, उभ्या वाढलेल्याची जी काय पानं असतात ती सगळी वरच, तीच कापली जातात. मग ती काशीत साठवलेलं पिष्ट काढून पुन्हा पान फोडते, पुन्हा कापलं जातं. दुष्काळात कणगीतलं धान्य काढत काढत एक दिवस हात तळाला लागावा तसं होतं तिचं. आम्ही वर्गणी काढून दोनदा नवे तुकडे लावले ते दोन्ही वेळेला महिनाभर छान दिसले, ते कसे दिसले ते मला आता कळलं, नर्सरीतल्या उन्हात जमवलेल्या शिदोरीवर दिसले.

म्हणूनच जाणकार सांगतात की सावलीतलं गवत उंच ठेवा, नत्र कमी द्या, पाणी बेतानं, त्याच्यावर चालणं कमी. गोल्फवाले तर ट्रायनेक्सापॅक-इथाइल नावाचं औषध मारतात, ते गिबरेलिन हे उंची वाढवणारं संप्रेरक बनणं अडवतं म्हणजे गवताचं हे ताणणंच कमी होतं. अन् उजेड मोजायचा तो एका वेळेचा नाही, दिवसभराचा मिळून. उन्हाळ्यात स्वच्छ दिवशी उघड्या रानात एका चौरस मीटरवर पन्नास मोलच्या वर (मोल हे उजेडाचे कण मोजायचं माप) उपयोगी उजेड पडतो, लिंबाखाली त्यातला कितीक उरत असेल, अन् तो पण कवडशांत, हलता. आमच्या लिंबाच्या उत्तरेकडची बाजू जास्त उघडी पडलीये, थंडीत सूर्य दक्षिणेकडं कलतो तेव्हा सावली तिकडंच जाते. पूर्वेला सकाळचं ऊन तिरपं आत येतं, तिथं थोडं तग धरून आहे.

आता ती जागा, जिच्याविषयी मला सगळ्यात जास्त सांगायचंय. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचं गाव आहे. तिकडं पूर्वी कापसाचा पट्टा, अन् तिथले कापसाचे शेतकरी पण हरळीच्या नावानं बोटं मोडायचे, अगदी आमच्या काकांच्या तोंडची भाषा. तिथं १९३६ साली ग्लेन बर्टन नावाचे तरुण शास्त्रज्ञ रुजू झाले अन् त्यांनी ह्याच वैरिणीवर काम सुरू केलं. जुन्या कापसाच्या वावरात सापडलेली एक जोमदार हरळी अन् आफ्रिकेतून आणलेली हरळी ह्यांच्या संकरातून १९४३ मध्ये 'कोस्टल' हे चाऱ्याचं वाण दिलं. पुढं लॉनसाठी आपली नेहमीची हरळी अन् आफ्रिकेतली बारीक हरळी ह्यांचे संकर आले, १९६० चं 'टिफवे' आजही जगभर मैदानांवर आहे. आपल्या हरळीचे गुणसूत्र ३६, आफ्रिकनचे १८, संकराचे २७, म्हणजे विषम, जोड्या जुळत नाहीत, म्हणून बी धरतच नाही. काड्या लावूनच वाढवायची, अख्खं मैदान हे एकाच रोपाचं अंग. बी पडून शेजारच्या वावरात उगवायची भीती नाही हे वाचून मला पहिली आईच आठवली.

बर्टन यांच्या हाताखालून पुढं आलेले वेन हॅना यांनी सावलीचा प्रश्न धरला. हरळीला सावली चालत नाही, हे सगळ्यांना पाठ होतं, पुस्तकात छापलेलं होतं. ह्यांनी वेगवेगळे संकर शेड-कापडाखाली लावले, कापत राहिले, अन् त्यातलं कोण उरतंय ते वर्षानुवर्षं बघत राहिले. त्यातून 'टिफग्रँड' निघालं, कमी उजेडात पण आखूड अन् दाट राहणारी हरळी. अगदी काळोखात ती पण जगत नाही, पण जुन्या वाणांपेक्षा बरीच जास्त सावली सोसते. मला ह्यातला विचार फार मोलाचा वाटतो. झाड नडतंय असं म्हणून ते झाडाकडं कुऱ्हाड घेऊन गेले नाहीत, गवताकडं वळले, अन् एका जातीच्या पोटात किती वेगवेगळ्या स्वभावाची रोपं असू शकतात हे धीरानं शोधलं. एखाद्या गोष्टीला 'हिला हे जमत नाही' म्हणायच्या आधी तिच्यातल्या सगळ्यांना विचारून तर बघा, असं मी वर्गात म्हणत असते, इथं ते कुणीतरी जन्मभर केलेलं दिसलं.

अन् ह्याच बर्टन साहेबांचं आपल्यावर एक वेगळंच ऋण आहे, ते कळल्यावर मी रात्री उठून आईला फोन लावणार होते. हरळीबरोबर ते बाजरीवर पण काम करायचे. त्यांनी टिफ्टनला बाजरीची नर-वंध्य ओळ तयार केली, म्हणजे जिला स्वतःचे चांगले पराग येत नाहीत, म्हणून दुसऱ्या बाजरीशी संकर करून तिला आई म्हणून वापरता येतं, तिचं नाव टिफ्ट २३ ए. ती भारतात आली, लुधियानाला दिलबागसिंग अठवाल यांनी तिचा वापर करून १९६५ साली एच.बी. १ हे आपल्या देशातलं पहिलं संकरित बाजरीचं वाण दिलं. १९६५ ते १९७० ह्या काळात देशातलं बाजरीचं उत्पादन साधारण ३५ लाख टनांवरून ८० लाख टनांवर गेलं. आजी 'हायब्रीड' म्हणायची ती बाजरी हीच असणार, भोगीला तीळ लावून थापलेली, जाड, कडा किंचित फुटलेली, वर लोण्याचा गोळा. आजीला त्या हायब्रीडविषयी एक तक्रार पण होती, गोसावी पडतो. कणसाच्या जागी दाण्याऐवजी हिरव्या पानांचा झुपका. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ह्या रोगानं ही वाणं देशभर बुडवली, कारण सगळीकडं एकाच आईची पोरं होती. मग नवी वाणं, नव्या ओळी, हे काम थांबलंच नाही, आमच्या इथल्या परभणी विद्यापीठाच्या बाजरी संशोधन केंद्रातून जास्त लोहाची ए.एच.बी. १२०० आली ती त्याच वाटेवरची. टिफ्टनच्या एका माणसानं गोल्फच्या मैदानाला गवत दिलं अन् पाटोद्याच्या चुलीला भाकरी दिली, मला हे दोन्ही एकाच वेळी मनात धरायला आवडतं.

तरी लॉनविषयी माझं मन पूर्ण साफ नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आमच्या कॉलनीत नळाला पाणी यायच्या दिवशी बायका सुट्टी टाकतात. अशा गावात गवताला पाणी द्यायचं म्हटलं की पाइप हातात धरताना कसंतरी होतं. टिफ्टनच्याच लोकांनी कमी पाण्यावर तगणारं 'टिफटफ' दिलंय, टिफवेपेक्षा ३८ टक्के कमी पाणी लागतं असं जॉर्जिया विद्यापीठ सांगतं, पण कमी म्हणजे शून्य नाही. ह्यावर माझ्याकडं एवढंच आहे की मग आहे तेवढ्या गवतानं तरी सावलीत राहायला शिकावं, सावलीत माती उशिरा वाळते. जमीन तापू न देणारं झाड काढायचं अन् त्या उघड्या जमिनीवर टँकरचं पाणी ओतून गवत वाढवायचं, हे मला कुठल्याच हिशोबात बसत नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये मी हे मांडलं, शास्त्राचं थोडं अन् पैशाचं जास्त. लिंबाच्या बुडाशी गवत लावायचंच नाही, जमीन चोपून झाडून ठेवायची, तिथं माणसं बसतात, त्यांना गवताची गरज नाही. पूर्वेच्या कडेला, जिथं सकाळचं ऊन येतं, तिथं झोयसिया लावून बघायचं, अन् बाकी उन्हात आहे ती हरळी. लिंबाखाली मशीन फिरवायचं नाही. सेक्रेटरी काका म्हणाले, "मॅडम, तुम्ही लिहून द्या, पुढच्या बैठकीत घेऊ." म्हणजे अजून लिंब वाचला असं म्हणता येत नाही, पण परवानगीचा अर्ज तूर्त गेलेला नाही.

मला आणखी एक वेड लागलंय. बर्टन यांच्या 'टिफग्रीन'ची एक बाजू एका क्लबच्या मैदानावर आपणहून टिकलेल्या हरळीची होती, कोणीतरी ओळखून ती उचलली. मग आपल्याकडं? हिमायतबागेतल्या जुन्या झाडांखाली, गावोगावच्या मारुतीच्या पारावर, वडाखाली, दर्ग्याच्या आवारात, जिथं शेळ्या चरतात, माणसं तुडवतात अन् ऊन पोचत नाही, तिथं कुठंतरी पिढ्यानपिढ्या तगलेली हरळी असणारच. नव्वीच्या पोरांना घेऊन मी ती गोळा करणार आहे, कुंड्यांत लावून शाळेच्या गच्चीवर शेडनेटखाली ठेवायची अन् महिन्या-महिन्याला कांड्याची लांबी मोजायची. शेडनेटखाली लिंबाचा तो अतिलाल उजेड मिळणार नाही, म्हणून तितक्याच कुंड्या शाळेच्या पिंपळाखाली पण. आईला फोनवर विचारलं, विहिरीजवळच्या चिंचेखाली हरळी आहे का गं? म्हणाली, "हाय की, तिथली कधी गेलीच नाय, आम्ही पण नाद सोडला तिचा. घेऊन जा हवी तेवढी, फक्त नेताना पिशवीचं तोंड बांध, वावरात सांडू नको."